नवं पिस्तूल रुळवणं: किती गोळ्यांनंतर भरवसा ठेवायचा?

निळी_शाई
क्लबच्या .२२ वर (छोट्या, हलक्या काडतुसाचं पिस्तूल) बरीच वर्षं सराव केल्यानंतर आता स्वतःचं ९ मिमी सेमी-ऑटोमॅटिक घेतलंय. पॉलिमर फ्रेम, बाहेरच्या घोड्याऐवजी आतल्या स्ट्रायकरवर (काडतुसावर आपटणारी पिन) चालणारं, सोबत दोन मॅगझिन. पुस्तिकेत साफसफाईवर पानंच्या पानं आहेत, पण नवं पिस्तूल रुळवण्याबद्दल एक ओळ नाही. रेंजवर विचारावं तर जितकी तोंडं तितके आकडे. कुणी दोनशे म्हणतं, कुणी पाचशे, कुणी म्हणतं डब्यातून काढा आणि चालवा.

एकूण ठीक चालतंय, पण तीन गोष्टी खटकतात.
– अधूनमधून रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडच्या (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) खिडकीत उभीच अडकते.
– शेवटची गोळी झाडल्यावर स्लाइड मागे थांबायला हवी. कधी थांबते, कधी बंद होते.
– क्वचित स्लाइड पूर्ण पुढे जात नाही, केसभर मागे राहते. मागून तळहाताने ढकललं की बसते.

हे नवेपणाचं दुखणं समजून गोळ्या झाडत राहू, की परत द्यायची तयारी करू?

रानवारा
ताई, अभिनंदन! घाबरू नका. नवी बाईक पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत जपून चालवतात, तसंच हे. दोनशे-तीनशे गोळ्यांत आपोआप सैल होईल.

खटकाबहाद्दर
@रानवारा, बाईकच्या पिस्टन रिंगा घासून बसाव्या लागतात म्हणून रनिंग-इन असतं. पिस्तुलाच्या स्लाइडला आणि फ्रेमला तशी गरज पडत असेल तर ते काम कारखान्यात व्हायला हवं होतं. 'अजून रुळलं नाही' हे वाक्य कंपन्यांच्या फार सोयीचं आहे. गोळ्या तुमच्या, वेळ तुमचा, आणि तपासणी त्यांच्या मालाची.

रानवारा
मग कंपन्या स्वतःच आकडे का देतात? कार (Kahr) ही पिस्तूल कंपनी लिहिते की २०० गोळ्यांआधी पिस्तूल भरवशाचं धरू नका. किंबर कंपनी त्यांच्या १९११ प्रकारच्या पिस्तुलांसाठी ४०० ते ५०० सांगते. आणि ग्लॉकच्या नव्या स्लाइडला आतून तांबूस ग्रीस लावलेलं असतं, ते सुरुवातीला पुसू नका असं ते म्हणतात. कशासाठी?

खटकाबहाद्दर
ग्रीसचं मान्य. बाकीच्यांचं म्हणाल तर घट्ट बसवलेलं पिस्तूल नेमकं असतं असा ग्राहकाचाच समज आहे, त्याची किंमत तो पाचशे गोळ्यांनी मोजतो.

कोरडा_सराव
दोघांचंही अर्धं बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नव्या पिस्तुलात खरंच काय बदलतं? रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी) पहिल्या काही दाबांत थोडी बसते. स्लाइड जिथे फ्रेमच्या पट्ट्यांवर घासते तिथले यंत्रकामाचे बारीक कंगोरे झिजतात. मॅगझिनच्या स्प्रिंगाही सुरुवातीला जास्त ताठ असतात. एवढंच. चुकीच्या आकाराचा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) किंवा वाकलेले मॅगझिनचे ओठ हजार गोळ्यांनीही सुधारत नाहीत. म्हणजे पहिल्या काही शे गोळ्यांत धातू थोडा रुळतो, पण मुख्यतः तुम्हाला माहिती मिळते. ती लिहून ठेवली नाहीत तर त्या गोळ्या वाया गेल्या असंच समजा.

आता क्रमाने. आधी पिस्तूल पूर्ण रिकामं करा: मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. मग खोला. कारखान्यातून येताना लावलेलं तेल बहुतेक वेळा गंज रोखण्यासाठी असतं, घर्षणासाठी नाही. ते घट्ट होतं. नळी, चेंबर, पट्ट्या, सगळं पुसून काढा (पुस्तिकेत एखादं ग्रीस राहू द्या म्हटलं असेल तर तेवढं सोडून). मग थेंबाथेंबाने तेल: चारही पट्ट्या, नळीचा स्लाइडमध्ये घासणारा बाहेरचा भाग, चेंबरचा वरचा पृष्ठभाग जिथे स्लाइडमध्ये अडकतो ती जागा. स्ट्रायकरच्या नळकांड्यात तेल नको. तिथे तेल साचलं की काजळी चिकटते आणि स्ट्रायकर सुस्तावतो. मग गोळी उडत नाही आणि माणूस काडतुसाला दोष देतो. मॅगझिनच्या आतही कोरडंच ठेवा.

आता लक्षणं. पुंगळी उभी अडकणं आणि स्लाइड मागे न थांबणं ही दोन दिसतात वेगळी, पण दोन्हींमागे एकच कारण असू शकतं: स्लाइड पुरेशी मागे जातच नाही. त्याला तीन वाटा आहेत. काडतूस मवाळ, स्प्रिंग ताठ, किंवा हाताची पकड सैल. धक्क्यावर चालणाऱ्या पिस्तुलात फ्रेम हाताने रोखून धरली तरच स्लाइड तिच्यावरून पूर्ण मागे सरकते. मनगट ढिलं असलं तर फ्रेमही स्लाइडबरोबर मागे जाते आणि स्लाइडचा प्रवास तोकडा पडतो. पॉलिमरच्या हलक्या फ्रेममध्ये हे जास्त जाणवतं.

स्लाइड न थांबण्याला आणखी दोन कारणं आहेत. एक, अंगठा स्लाइड-स्टॉपच्या खटक्यावर टेकणं. दोन अंगठे पुढे ठेवून धरणाऱ्यांत हे सर्रास होतं. दुसरं, मॅगझिनची स्प्रिंग किंवा आतली पाटी (जिच्यावर काडतुसं बसतात) तो खटका नीट वर ढकलत नाही.

तिसरं लक्षण, स्लाइड केसभर मागे राहणं, यात मी आधी घट्ट झालेलं तेल आणि चेंबरमधली घाण बघेन, मग अंगठा स्लाइडला घासतोय का ते, मग काडतूस. हाताने पुन्हा भरलेली काडतुसं असतील तर सगळ्यात आधी ती बाजूला ठेवा.

आणि आज करायचं एक काम: दोन्ही मॅगझिनच्या तळाला पक्क्या रंगाने १ आणि २ लिहा. अर्धी कोडी यानेच सुटतात.

अबोल
वाखूसा (वाचनखूण साठवली).

दशमान
'दोनशे' या आकड्याबद्दल थोडं गणित. कुठलीही चाचणी विनाअडथळा पार पडली की सांख्यिकीत एक सोपा नियम लावतात: ३ भागिले चाचण्यांची संख्या. ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरा बिघाडाचा दर याहून जास्त नाही. दोनशे गोळ्या सुरळीत गेल्या तर मर्यादा दीड टक्का. म्हणजे पिस्तूल दर सदुसष्ट गोळ्यांत एकदा अडकणारं असण्याची शक्यता अजून खोडून निघालेली नाही. पाचशेनंतर ०.६ टक्के.

उलट बाजूने बघा. दर शंभरात एकदा अडकणारं पिस्तूल, म्हणजे भरवशाच्या दृष्टीने वाईटच, दोनशे गोळ्या एकदाही न अडकता झाडेल याची शक्यता तब्बल १३ टक्के आहे. पाचशे झाडेल याची एक टक्क्याहूनही कमी.

आणि दोष एका मॅगझिनमध्ये असेल तर? दोनशे गोळ्या दोन मॅगझिनमध्ये वाटल्या की प्रत्येकाच्या वाट्याला शंभरच. शंभरात एकदा अडकणारं मॅगझिन शंभर गोळ्या सुखरूप पार करण्याची शक्यता ३७ टक्के. म्हणून माझ्या मते मोजणी पिस्तुलाची नाही, प्रत्येक मॅगझिनची करावी.

खटकाबहाद्दर
विदा छान, पण हे गणित प्रत्येक गोळी स्वतंत्र धरतं. बंदूक तापते, मळते, तेल सुकतं. पाचशेवी गोळी पहिलीसारखी नसते.

दशमान
अगदी. म्हणूनच हा आकडा किमान म्हणून धरायचा. मळलेल्या अवस्थेतली चाचणी वेगळी.

उभा_आडवा
मोठ्या चाचण्या कशा होतात त्याचं एक उदाहरण. मार्च १९११ मध्ये अमेरिकन लष्कराने जॉन ब्राउनिंग या शस्त्ररचनाकाराच्या रचनेचं कोल्ट आणि सॅव्हेज ही दोन पिस्तुलं समोरासमोर ठेवली. प्रत्येकी ६,००० गोळ्या. पिस्तूल फार तापलं की पाण्यात बुडवून थंड करत. कोल्ट एकदाही अडकलं नाही, सॅव्हेज ३७ वेळा अडकलं. त्याच महिन्याच्या २९ तारखेला कोल्टची निवड झाली. यातली मजेची गोष्ट अशी की दर हजार गोळ्यांनंतर साफसफाई आणि तेल होत होतं. 'साफ न करता किती चालतं' ही फुशारकी तेव्हाही कुणी मागितली नव्हती.

निळी_शाई
सगळ्यांचे आभार, विशेषतः @कोरडा_सराव. खोलून साफ केलं. आतलं तेल खरंच चिकट होतं, पिवळट. मॅगझिन रंगवली. काडतुसं ११५ ग्रेनची (हे गोळीचं वजन), कारखान्यात भरलेली, पण डब्यावरचा वेग त्यामानाने कमी वाटतो. सरावाची म्हणून घेतली होती. आता पुढे काय?

कोरडा_सराव
आता अदलाबदल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काहीच कळत नाही.

आधी गोळ्यांशिवाय: रिकामं मॅगझिन घाला, स्लाइड झटक्याने मागे ओढून सोडा. प्रत्येक मॅगझिनवर पुष्कळदा. हातानेही स्लाइड थांबत नसेल तर दोष यंत्रात किंवा मॅगझिनमध्ये आहे, काडतुसाचा प्रश्नच नाही.

मग रेंजवर तीच काडतुसं, तेच हात, मॅगझिन १ आणि २ आलटून पालटून. मग तेच मॅगझिन, दुसरी काडतुसं: नेहमीच्या ताकदीची १२४ ग्रेन. मग तेच मॅगझिन, तीच काडतुसं, दुसरे हात. दुसरा अनुभवी नेमबाज सगळ्यात उपयोगी. त्याच्याही हातून पुंगळ्या उभ्या राहिल्या तर पकडीचा विषय संपला.

वहीत नोंद: तारीख, मॅगझिनचा क्रमांक, काडतुसाच्या डब्यावरचा लॉट क्रमांक, काय झालं, आणि मॅगझिनमधली कितवी गोळी. हे शेवटचं लोक लिहीत नाहीत. पहिलीच गोळी अडकत असेल तर मॅगझिन ठासून भरल्याने वरच्या काडतुसावर फार दाब येतोय का ते बघतात. शेवटची एक-दोन अडकत असतील तर स्प्रिंग मऊ असल्याचा संशय. मधेच कुठेही अडकत असेल तर एक्स्ट्रॅक्टर, काडतूस, पकड.

पुंगळ्याही बघा. प्रायमरवरचा (पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली) खळगा खोल आणि मधोमध हवा. उथळ असेल तर स्लाइड पूर्ण बंद झाली नव्हती किंवा स्ट्रायकरचा जोर कमी पडतोय. पुंगळ्या पायाशीच पडत असतील तर स्लाइड आळशी आहे. एका दिशेला, थोड्या अंतरावर ढीग पडत असेल तर तब्येत चांगली.

उंबरठा
एक गोष्ट ठळक करून लिहितो, कारण नव्या पिस्तुलाबरोबर लोकांना 'थोपट, ओढ, झाड' ची (अडलं की मॅगझिन थोपटा, स्लाइड ओढा, पुन्हा झाडा) सवय लावतात. आवाज नेहमीपेक्षा दबका आला किंवा धक्काच जाणवला नाही, तर दुसरी गोळी झाडायची नाही. थांबायचं, रिकामं करायचं, नळी मागून आरपार बघायची. दारू पेटली नाही आणि फक्त प्रायमर पेटला तर गोळी नळीच्या मधेच थांबते. मागून दुसरी गेली की नळी फुगते किंवा फुटते. स्लाइड न चालल्यामुळे किंवा अर्धवट चालल्यामुळे असा प्रसंग साध्या अडथळ्यासारखाच दिसतो, फरक फक्त आवाजात आणि धक्क्यात. कानांवर मफ्स असताना आवाजातला फरक चुकतो, म्हणून हाताला जाणवणाऱ्या धक्क्यावर लक्ष ठेवा.

आणि खटका दाबूनही काहीच झालं नाही तर नळी लक्ष्याकडे धरून किमान ३० सेकंद थांबा. काही रेंजांवर पूर्ण मिनिट सांगतात. उशिरा पेटणारं काडतूस दुर्मीळ असतं, पण ते हातात घेऊन बघायची वस्तू नाही.

रानवारा
+१. हे वरच्या धाग्यातच चिकटवा कुणीतरी.

सहाघरी
म्हणूनच म्हणतो, रिव्हॉल्व्हर घ्या. मॅगझिन नाही, स्लाइड नाही, मनगटाचं रडगाणं नाही.

कोरडा_सराव
@सहाघरी, रिव्हॉल्व्हरही तपासावं लागतं, फक्त त्याची दुखणी वेगळी. इजेक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या) चांदणीखाली न जळलेल्या दारूचे चार कण बसले की सिलिंडर घट्ट होतो. प्रायमर जरा वर राहिला तरी तेच. घोड्याच्या स्प्रिंगचा ताण देणारा स्क्रू कुणी खटका हलका करण्यासाठी सैल केला असेल तर प्रायमर पेटत नाहीत. आणि हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये दमदार काडतुसं घातली तर धक्क्याने उरलेल्या काडतुसांतली गोळी पुढे सरकून सिलिंडर अडवते. सगळी घरं भरा, एक सोडून बाकी झाडा, शेवटच्या काडतुसाची लांबी नव्या काडतुसाशी ताडून बघा. पिस्तूल अडकलं तर बहुधा हातानेच सुटतं. रिव्हॉल्व्हर अडकलं की बऱ्याचदा हत्यारं काढावी लागतात.

सहाघरी
गप्प बसतो. :)

दहा_दशांश
मी २५ मीटरवाला, .२२. आमच्याकडे रुळवणं म्हणजे मुख्यतः काडतूस शोधणं. रिमफायरमध्ये पेटणारं रसायन पुंगळीच्या काठात फिरवून भरतात. एखाद्या जागी कमी राहिलं आणि पिन तिथेच आपटली की फुसकं. तेच काडतूस फिरवून घातलं तर बहुतेकदा उडतं. शिवाय स्पर्धेच्या पिस्तुलांच्या स्प्रिंगा मंद वेगाच्या काडतुसांसाठी असतात, सर्व्हिस पिस्तुलासारख्या दिसणाऱ्या .२२ ला मात्र बऱ्याचदा वेगवान काडतूस लागतं. रॅपिड फायरच्या शेवटच्या टप्प्यात ४ सेकंदांत पाच गोळ्या असतात. तिथे स्लाइड अडखळली की मालिका गेली. दोष पिस्तुलाचा असेल तर नियमात सवलत आहे, सेफ्टी काढायची राहिली असेल तर नाही.

अवांतर: .२२ वर रिकामा खटका ओढत सराव करायचा असेल तर आधी पुस्तिका बघा. काही पिस्तुलांत पिन चेंबरच्या काठावर आपटून तिथे खाच पाडते. डमी काडतूस वापरा.

तिखटमीठ
फीड रॅम्प (काडतूस चेंबरकडे चढतं तो उतार) पॉलिश केला तर? व्हिडिओत बघितलं, ड्रिलला कापडी चाक लावून दहा मिनिटांत आरसा. सगळे अडथळे गायब म्हणे.

खटकाबहाद्दर
नको. नको. नको. चकाकी आणि कोन या वेगळ्या गोष्टी आहेत. चाक अर्धा मिनिट जास्त टेकलं की रॅम्पचा कोन बदलतो, चेंबरची कड गोल होते आणि पुंगळीला मागे आधार उरत नाही. अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर रॅम्प असेल तर वरचा कडक थरही निघतो. वॉरंटी जाते ती वेगळी. शिवाय ताईंची तक्रार काडतूस आत जाण्याची नाही, पुंगळी बाहेर पडण्याची आहे. रॅम्पचा इथे संबंधच काय?

निळी_शाई
निकाल सांगते. साफसफाई आणि तेलानंतर स्लाइड मागे राहणं पूर्ण थांबलं.

पुंगळ्या उभ्या राहणं: १२४ ग्रेनवर एकदाही नाही. मवाळ ११५ वर माझ्याही हातून होतं आणि प्रशिक्षकांच्याही, दोन्ही मॅगझिनवर. म्हणजे पकड नाही, काडतूस आणि स्प्रिंग यांचं जमत नाही.

स्लाइड न थांबणं: हाताने ओढून बघितलं तेव्हाच उत्तर मिळालं. मॅगझिन १ वर दर वेळी थांबते, २ वर मर्जी असेल तेव्हा. रेंजवर १२४ ग्रेननेही तसंच. आतली पाटी एका बाजूला कलते आणि स्लाइड-स्टॉपच्या खटक्याखाली नीट येत नाही.

@दशमान, आता मोजणी शून्यापासून?

दशमान
साफसफाईआधीचं सगळं सोडून द्या. त्यानंतरचं मॅगझिन १ आणि १२४ ग्रेन, ते धरा. मॅगझिन २ बदललं की त्याचं खातं नवीन. मवाळ काडतुसांचे अडथळे पिस्तुलाच्या नावावर लिहू नका, पण वहीत राहू द्या. काही शे गोळ्यांनी स्प्रिंग बसल्यावर तीच काडतुसं पुन्हा चालवून बघता येतील.

उभा_आडवा
पिस्तूल संरक्षणासाठीही ठेवणार असाल तर शेवटी जी काडतुसं भरून ठेवणार त्यांचीच चाचणी घ्या. पोकळ टोकाच्या गोळीचा आकार वेगळा, लांबी बरेचदा कमी, रॅम्पवर चढण्याची तऱ्हा वेगळी. गोल टोकाच्या दोनशे गोळ्या सुरळीत गेल्या म्हणून ही जाईलच असं नाही. महाग असतात म्हणून लोक एक मॅगझिन झाडून समाधान मानतात. निदान शंभर तरी झाडाव्यात असं माझं मत. मॅगझिन पूर्ण भरून, चेंबरमध्ये एक ठेवून, एका हाताने, दुसऱ्या हाताने. पूर्ण भरलेलं मॅगझिन बंद स्लाइडखाली नीट अडकतं का तेही बघा, बऱ्याचदा जोर लावावा लागतो आणि अर्धवट बसलेलं मॅगझिन पहिल्या गोळीनंतर खाली घसरतं.

अजून एक. तेच एक काडतूस रोज चेंबरमध्ये घालणं-काढणं टाळा. दर वेळी टोक रॅम्पवर आपटून गोळी पुंगळीत आत सरकते आणि दाब वाढतो. ९ मिमीची साधी मर्यादा ३५,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), +पी ची (जास्त दाबाची काडतुसं) ३८,५००. मधे फार जागा नाही. नव्या काडतुसाशेजारी उभं करून बघा, बुटकं दिसलं तर बाद.

अबोल
मॅगझिन भरून ठेवली तर स्प्रिंग मरते का?

कोरडा_सराव
चांगल्या मॅगझिनची स्प्रिंग भरून ठेवल्याने फारशी झिजत नाही, भरण्या-रिकामी करण्याने झिजते. ठरलेल्या क्षमतेहून एक जास्त कोंबू नका, बस. सरावाची मॅगझिन आणि भरून ठेवायची मॅगझिन वेगळी असलेली बरी. पण भरून ठेवायचं मॅगझिन आधी चाचणीतून गेलेलं हवं, पाकिटातून काढलेलं कोरं नको.

निळी_शाई
मॅगझिन बदलून मिळालं. त्यावर ३ रंगवलाय. २ हा क्रमांक पुन्हा वापरत नाही, वहीतल्या जुन्या नोंदींशी घोळ नको. तिसऱ्याची पाटी सरळ आहे, हाताने ओढल्यावर स्लाइड दर वेळी थांबते. गोळ्या रविवारी.